आमच्याकडे मोटर नाही

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मला त्याचा मोठेपणा वाटायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. तो टेबलावर बसवला त्या दिवसापासून मी बाहेरच्या खोलीत झाडूसुद्धा श्वास धरून मारायचे.

यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती. हे तिथे ऑफिसात टायपिस्ट होते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. गेटला टाळं लागलं तेव्हा सुरुवातीला हे रोज डबा घेऊन जायचे, गेटवर बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मग डबा नेणं बंद झालं. मग जाणंच बंद झालं. खाली उतरायचं असलं की हे दाराशी उभे राहून आधी कानोसा घ्यायचे, जिना मोकळा आहे असं वाटलं तरच बाहेर पडायचे. कारण भेटेल तो एकच विचारायचा, "काय, उघडली का कंपनी?" पुढे पुढे भाजी आणायलाही मीच जाऊ लागले. मी मुळातली भिडस्त. भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तरी मी तो मुकाट घरी आणणारी. दोघंही तोंड लपवणारे झाल्यावर घर कसं चालायचं, याचा मला घोर लागून राहिला होता.

एका जुन्या सोबत्याने यांना सुचवलं, की आता टाइपरायटरचं काही खरं नाही, कॉम्प्युटर शिकून घे, घरबसल्या काम मिळेल. यांनी उल्हासनगरला क्लास लावला. कंपनीकडून जे काही मिळालं होतं त्यातून तिथल्याच कॅम्प चारमधल्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणि खरखर आवाज करणारा प्रिंटर आणला. सुरुवातीला दोन-तीन लग्नपत्रिका मिळाल्या, विहारातल्या कार्यक्रमाचं एक पत्रक मिळालं. मग खरवईकडच्या एका नव्या शाळेच्या मोठ्या बाई स्वतः जिना चढून आमच्याकडे आल्या. सहामाही परीक्षेचे पेपर टाइप करून हवे होते.

"हे नीट झाले तर वार्षिकचेही तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी संध्याकाळी शिपाई येईल. त्याच्या हातात सगळे पेपर पाहिजेत. शनिवारी आम्हाला प्रती काढायच्यात."

"मिळतील, बाई," हे म्हणाले. किती दिवसांनी यांचा असा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. घरातल्या घरात! आमची मुलगी तेव्हा नववीत होती. ती मला म्हणाली, "आई, पप्पांचा डबा भर, ऑफिसला निघालेत." मी तिला गप्प केलं, पण मला आतून बरं वाटलं. पेपर फुटू नयेत म्हणून हे दार लावून घ्यायचे आणि तिलाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. मला मात्र चौथीचा पेपर वाचायला दिला, चुका बघायला. माझी शाळा चौथीलाच सुटलेली. मी तो दोनदा वाचला, आणि एका शब्दातली वेलांटी चुकलेली काढून दिली.

त्याच दुपारी कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला.

मी आत बाथरूममध्ये पाणी भरत होते. बाहेरून यांची हाक आली, "अगं!" हात ओले तसेच घेऊन मी धावले. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता.

"लाइट गेली का?"

"लाइट गेली असती तर पंखा फिरला असता का?"

थोड्या वेळाने तो आपणहून सुरू झाला, पण सहावीच्या इतिहासाचा अर्धा पेपर गेला तो गेलाच. हे परत पहिल्यापासून टाइप करायला बसले.

मग ते रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. वेळेचा काही धरबंध नाही. यांनी आधी पिन बघितली. ती बोर्डात सैल बसत होती म्हणून कागदाची घडी घालून घट्ट केली. मग वाटलं, तापत असेल. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लावला आणि आम्ही घामाने निथळत बसलो. मग फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून त्याला जोडला आणि फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं. स्टॅबिलायझर मधूनच टक् टक् करायचा, त्याचा काटा थरथरायचा, आणि पडदा पुन्हा काळा.

मुलगी म्हणाली, "पप्पा, सारखं सेव्ह करत राहा. आमच्या टीचर पण तेच सांगतात."

सेव्ह म्हणजे टाइप केलेलं आत जपून ठेवायचं, एवढं मला कळलं होतं. मग मी स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने विचारायचे, "केलं का?"

"केलं!"

भाजीला फोडणी देऊन झाली की परत, "केलं का हो?"

"केलं गं बाई! प्रत्येक ओळीला विचारणार आहेस का?"

मला राहवत नव्हतं. बाहेर कळांचा टकटक आवाज चालू असला की माझा जीव ठिकाणावर असायचा. तो थांबला की हातातलं काम थांबायचं. हे विचार करायला थांबलेत, की तो बंद पडलाय, हे आतून कळायचं नाही. पेपरांपेक्षा मला यांची काळजी होती. हे काम हातचं गेलं, तर हे पुन्हा त्या खुर्चीत बसतील का, हाच माझ्या डोक्यात प्रश्न असायचा.

शेवटी यांनी कॅम्प चारच्या दुकानदाराला निरोप दिला. तो सिंधी होता. अंगाने भरलेला, बोलका माणूस, स्कूटरवरून आला. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या पडद्याआड. त्याने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडली, एक पट्टी काढून तिची कड खोडरबराने घासली आणि परत बसवली. तोंड एकीकडे चालूच.

"साहेब, मशीन छोटे बच्चे जैसी है. दूध पिलाओ, टाइम पे सुलाओ." मग त्याने वर दिव्याकडे बघितलं. "लाइट का लफडा तो नहीं ना? घर में पानी की मोटर है क्या?"

"नाही, नाही," हे चटकन म्हणाले. "मोटर नाही आमच्याकडे."

"पक्का?"

"पक्का."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन पडद्याआड उभी होते. आमची मोटर माझ्यापासून दोन पावलांवर, बाथरूममध्ये पिंपामागे, गोणपाटाखाली होती.

हे खोटं बोलणारे नव्हेत. पण मोटर नाही म्हणणं कोणाला खोटं वाटायचंच नाही. आमच्याकडे पाणी यायची वेळ ठरलेली नव्हती, आणि आलं तरी नळाला इतका कमी जोर असायचा, की वरच्या मजल्यावर पाणी चढायचंच नाही. म्हणून ज्याने त्याने नळाच्या लाइनीलाच लहान मोटर जोडलेली. पालिकेची त्याला मनाई होती. त्यांची माणसं अचानक यायची आणि दिसली मोटर की काढून न्यायची. त्यामुळे कोणाची मोटर मोरीच्या फळीखाली, कोणाची कपाटात, कोणाची धुण्याच्या ढिगाखाली. बाहेरच्या माणसाने विचारलं, की सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर. आत मोटर घूं घूं करत असताना बाई दारात उभी राहून सांगायची, "आमच्याकडे नाही हो मोटर, आमच्याकडे पाणीच जोरात येतं." आपापसातसुद्धा कोणी तो शब्द काढायचं नाही. आमच्या मुलीला बोबडं बोलता यायच्या आधीपासून हे पाठ होतं.

दुकानदार चहा पिऊन गेला. मला मात्र चैन पडेना. कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा मी कुठे असते? बाथरूममध्ये. काय करत असते? पाणी भरत असते. म्हणजे मीच मोटर लावते आणि तिकडे यांचं काम बुडतं? पण यांनी त्याच्यासमोर नाही म्हणून सांगितलं होतं. आता मी तोंड उघडायचं म्हणजे परक्या माणसापुढे यांना खोटं पाडल्यासारखं. मी ठरवलं, आधी आपल्यापुरतं बघू.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी मोटर लावली नाही. नळातून करंगळीएवढी धार येत होती. तिच्याखाली कळशी धरून मी कान बाहेर लावून बसले. कळशी पाव भरली नाही तोच बाहेरून आवाज आला, "गेला!"

म्हणजे मोटरीचा काही संबंध नव्हता. क्षणभर मला हायसं वाटलं. माझ्या हातून काही बिघडत नव्हतं. मग कशाने बिघडत होतं?

दुकानदार पुन्हा येऊन डबा आपल्या दुकानात घेऊन गेला. एक दिवस तिथेच चालू ठेवला आणि परत आणून दिला.

"मक्खन चलती है, साहेब. सुबह से शाम तक एक बार बंद नहीं हुई. मेरे से लिखवा लो."

त्याच बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे तो दोनदा बंद पडला.

हे खुर्चीत मागे टेकून बसले. मग म्हणाले, "तिकडे चालतो आणि इथे चालत नाही. म्हणजे दोष त्याच्यात नाही."

"मग कशात?"

"माझ्यात. कंपनीत होतो, कंपनी बसली. याला हात लावला, हा बसला."

"काहीतरीच काय बोलता."

"मग तू सांग, कशात आहे?"

गुरुवारी यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि शुक्रवारी सकाळी दाढीही केली नाही. बनियनवरच खिडकीशी बसून राहिले. एकाच पेपरचे शेवटचे दोन प्रश्न टाइप करायचे राहिले होते. बाकी सगळे आत जपून ठेवलेले होते, फक्त छापायचे होते. मी म्हटलं, "एवढंच तर राहिलंय."

"छापताना मध्येच बंद पडला की कागद फुकट. आणि पडणारच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिपाई आला की त्यांचे कागद परत देऊन टाक. जमलं नाही म्हणावं. मी आत बसतो."

"मी सांगू?"

"तू सांग."

दिवसभर मी मनातल्या मनात ते वाक्य घोकत होते. जमलं नाही. जमलं नाही हो. माफ करा, जमलं नाही. भाकरी करपली, मुलगी शाळेतून आली तर तिला वाढायचं विसरले.

दिवे लागायच्या सुमाराला कडी वाजली. शिपाई सोनिवलीचा होता, पोक्त, डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम पिशवी.

"वहिनी, पेपर न्यायला आलोय. बाईंनी सांगितलंय, झाले नसले तर कागद तसेच परत आण, उल्हासनगरला दुसरीकडे टाकू."

मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "बसा ना. चहा घेता?"

"घेतो की."

तो बसला. आता आत बसलेल्या माणसाला बाहेर येणं भाग होतं. हे शर्टाची बटणं लावत आले, माझ्याकडे एकदा रागाने बघितलं आणि त्याला म्हणाले, "थोडं राहिलंय. देतो." खुर्चीत बसून यांनी बटण दाबलं. पडदा उजळला. राहिलेले दोन प्रश्न यांनी भराभर टाइप केले. मी स्वयंपाकघरातून विचारलं नाही, पण ओठ हललेच. मग प्रिंटरची खरखर सुरू झाली. एक कागद निघाला, दुसरा निघाला. मी आधण ठेवलं.

आणि नळातून हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला. पाणी आलं होतं. कुठेतरी लाइन फुटली म्हणून दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. घरात पिंपं, हंडे सगळे पालथे. मी बाथरूममध्ये धावले आणि मोटरीच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. लावू की नको? त्या दिवशी लावली नव्हती तरी तो बंद पडलाच होता. पण मन धजेना.

मोटर न लावता मी अशी उगी कधी उभी राहिलेच नव्हते. मागच्या वेळी कान सगळा बाहेर लागला होता. आज मला खालून आवाज ऐकू आला. घूं. मग शेजारच्या भिंतीतून. मग आणखी खालून. एकेक मोटर सुरू होत होती. आणि डोक्यावरचा बल्ब पिवळा पिवळा होत चालला होता. बाहेर स्टॅबिलायझर टक् टक् करू लागला, आणि प्रिंटरची खरखर अर्ध्यातच थांबली.

"झालं," हे हळूच म्हणाले.

मी बाहेर आले. परका माणूस समोर बसलेला, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मोटर."

"काय मोटर?"

"सगळ्यांच्या एकदम लागल्यात. दोन दिवसांनी पाणी आलंय. दिवा बघा ना."

यांनी वर बघितलं. ट्यूब फडफडत होती. मग स्टॅबिलायझरकडे बघितलं. काटा पार खाली गेला होता.

"आपली?"

"आपली मी लावलीच नाही."

"दुकानदाराने मला विचारलं होतं," हे म्हणाले. "आणि मी त्याला नाही म्हणून सांगितलं."

"सगळेच सांगतात."

शिपाई मान हलवत म्हणाला, "वहिनी, आमच्याकडेही नाही बरं का मोटर." आणि स्वतःच हसला. मग उठून उभा राहिला. "साहेब, किती वेळ लागेल? मला परत जायचंय, बाई शाळेत थांबल्यात."

पाणी कधी जाईल याचा नेम नव्हता. दोन दिवसांच्या तहानेनंतर कोण आपली मोटर बंद करणार? हे उठले. मला वाटलं, आता कागद गोळा करून त्याच्या हातात देतील आणि आत जातील. पण यांनी दार उघडलं आणि जिन्यात गेले. कठड्याला धरून वाकले आणि इतक्या मोठ्याने बोलले, की मी दचकले.

"अहो, ऐका सगळ्यांनी! माझ्या घरात मोटर आहे! बाथरूममध्ये, पिंपामागे! ती मी बंद ठेवलीय!"

बिल्डिंग एकदम चिडीचूप झाली. मोटरींचा आवाज तेवढा चालू. मला वाटलं, हे काय करून बसले. पालिकेच्या माणसांच्या कानावर गेलं म्हणजे?

"शाळेच्या पोरांचे पेपर छापायचेत," हे पुढे म्हणाले. "व्होल्टेज उतरलं की माझा कॉम्प्युटर बंद पडतो. कोणाकडे मोटर असेल तर थोडा वेळ बंद करा. विनंती आहे."

खालच्या मजल्यावरून एक दार करकरलं. "मोटर? आमच्याकडे कुठली मोटर, भाऊ?"

दुसरीकडून आवाज आला, "आमच्याकडे तर नाहीच."

"नाही हो, आमच्याकडे असती तर केली असती बंद."

"अरे, ह्या बिल्डिंगमध्ये मोटर आहे? कोणाकडे?"

कोणीतरी फिसकन हसलं. हे कठडा धरून तसेच उभे. मला यांची पाठ दिसत होती. ती कधीही वळेल असं मला वाटत होतं. एवढ्यात शेजारच्या भिंतीतली घूं थांबली. मग खालची एक. ट्यूबची फडफड कमी झाली. आणखी एक थांबली. तळमजल्याची मात्र चालूच. तिथे एक म्हाताऱ्या काकू राहायच्या, तोंडाने फटकळ.

"काकू!" हे म्हणाले.

"काय काकू? माझ्याकडे मोटर नाही. आणि माझं पिंप अजून अर्धंच आहे."

"पाचच मिनिटं, काकू."

"पेपर कितवीचे आहेत?"

"पहिली ते सातवी."

"माझा नातू जातो त्या खरवईच्या शाळेत. सहावीला आहे. गणित सोपं काढलंय का?"

"ते माझ्या हातात नाही, काकू."

"मग काय उपयोग तुझा!" काकू म्हणाल्या. आणि तळमजल्याचा आवाजही बंद झाला.

आमची ट्यूब लख्ख झाली. हे आत आले, खुर्चीत बसले, बटण दाबलं. तो सुरू होईपर्यंतचा वेळ मला फार मोठा वाटला. मी नळाखाली बादली लावलेली तशीच सोडून दारात उभी राहिले, कोणाची मोटर पुन्हा लागते का ते ऐकत. खरखर सुरू झाली. एकेक कागद बाहेर येत होता. शिपाई तो उचलून, फुंकर घालून नीट लावत होता. मुलगी मोठ्याने मोजायला लागली तर मी तिचा हात दाबला. मोजल्याने काही होईल असं नव्हे, पण मला ते सहन होईना.

शेवटचा कागद निघाला. शिपायाने सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून शबनममध्ये घातले.

"वार्षिकला येतोच," तो म्हणाला. जिना उतरताना त्याने मोठ्याने विचारलंही, "मोटर नसलेल्या लोकांनो, येऊ का?"

हे पुन्हा बाहेर गेले आणि कठड्यावरून ओरडले, "झालं! लावा आता!"

"काय लावा?" खालून काकूंचा आवाज. "आमच्याकडे काय आहे लावायला?"

सगळीकडून एकदम घूं घूं सुरू झालं. ट्यूब फडफडली, टेबलावरचा पडदा काळा झाला. मीही धावत जाऊन आमची मोटर लावली, पण तोवर लाइनीतला जोर ओसरला होता. पिंपाचा तळ जेमतेम भिजला आणि नळ कोरडा पडला. उद्याच्या स्वयंपाकाला, धुण्याला पाणी कुठून आणायचं, वार्षिकच्या वेळी पुन्हा असंच झालं तर रोज रोज लोकांना कसं सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यात फिरायला लागलं.

मघाशी ठेवलेलं आधण उकळून आटलं होतं. मी नव्याने चहा केला, यांचा कप भरला आणि दाराशी आले. हे अजून जिन्यातच होते. शेजारचे भाऊ हातात रिकामी कळशी घेऊन दोन पायऱ्या खाली उभे होते. तेही अंबरनाथलाच कामाला जायचे, पण दुसऱ्या कंपनीत.

"मग तुमची ती कंपनी? काही हललं का?" त्यांनी विचारलं.

मी दाराआड थांबले. हाच तो प्रश्न होता.

"नाही उघडत ती आता," हे म्हणाले. "मी टायपिंग घेतो घरी. तुमच्या ऑफिसचं काही असलं तर सांगा."

"सांगतो की. पण पाणी नसताना करत जा, राव!"

दोघंही हसले आणि बोलत राहिले. मग खालून काकूही त्यात पडल्या, नातवाच्या गणितावरून. चहावर साय धरली. मी कप तसाच टेबलावर ठेवला आणि यांना हाक मारली नाही.